घाट न चढताच पलीकडे!

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचला की दुपारी रस्ते ओस पडतात. रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बागा वाचवण्याची धडपड सुरू होते. तिकडे धुळे जिल्ह्यात मात्र हेच ऊन कामाला लागलेले असते. साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौरप्रकल्प २०१३ पासून वीज देतो आहे. पण ज्या सूर्याने खान्देश असा भाजून निघतो, तो जुन्या भौतिकशास्त्राच्या हिशेबाने पेटायलाच नको होता.

सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनची केंद्रके, म्हणजे प्रोटॉन, एकत्र येऊन हेलियम तयार होतो आणि ऊर्जा बाहेर पडते. अडचण अशी, की प्रत्येक प्रोटॉनवर धन विद्युतभार असतो आणि ते एकमेकांना दूर ढकलतात. गाभ्याचे तापमान सुमारे दीड कोटी अंश सेल्सिअस असले, तरी हा विरोध मोडण्यासाठी लागणारी ऊर्जा तिथल्या सरासरी प्रोटॉनच्या ऊर्जेपेक्षा शेकडो पटींनी जास्त आहे. मग ते जवळ येतात कसे?

लळिंगच्या घाटातला सायकलस्वार

धुळ्याहून मालेगावकडे जाताना लळिंगचा घाट लागतो. समजा, एखाद्या सायकलस्वाराने पायथ्याशी वेग घेतला आणि पेडल मारणे थांबवले. वेग कमी पडला तर सायकल थोडी वर जाईल आणि मागे घरंगळेल. रोजच्या जगाचा हाच नियम. अणूच्या जगात मात्र असंख्य प्रयत्नांत एखादा ‘स्वार’ माथा न गाठताच पलीकडच्या उतारावर सापडतो. कोणी बोगदा खोदलेला नसतो, तरी या घटनेला ‘क्वांटम टनेलिंग’ म्हणतात.

याचे कारण प्रोटॉन किंवा इलेक्ट्रॉन यांचे वागणे लाटेसारखेही असते. ही लाट अडथळ्याच्या तोंडाशी एकदम संपत नाही. ती आत शिरते आणि झपाट्याने क्षीण होत जाते. अडथळा पुरेसा पातळ असेल तर तिचा अंश पलीकडे उरतो. कण पलीकडे सापडण्याची शक्यता तेवढीच.

उसनवारी नाहीच

मग ऊर्जा अक्षय्यतेचा नियम मोडला का? अनेकदा असे सांगितले जाते, की कण क्षणभर ऊर्जा उसनी घेतो, घाट ओलांडतो आणि लगेच फेडतो. गोष्ट लक्षात राहते, पण ती फसवी आहे. कण जेवढी ऊर्जा घेऊन येतो, तेवढीच घेऊन पलीकडे निघतो. माथा चढलाच नाही, तर चढाईचा खर्च कसला? अडथळ्याची उंची आणि जाडी एवढेच ठरवते, की पलीकडे जाण्याची संधी किती दुर्मीळ असेल. कणाला अडथळ्याच्या आत ‘पकडून’ पाहायचे म्हटले, तर कमी पडणारी ऊर्जा मोजणाऱ्या उपकरणालाच पुरवावी लागते.

युरेनियम-२३८ मधून सुटणाऱ्या अल्फा कणाने हे कोडे आधीच घातले होते. त्याची ऊर्जा सुमारे ४२ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तर त्याला अडवणारी भिंत त्याहून कितीतरी उंच. १९२८ मध्ये जॉर्ज गॅमो यांनी, तसेच स्वतंत्रपणे गर्नी आणि कॉन्डन यांनी, टनेलिंगच्या आधारे ते सोडवले. पुढच्याच वर्षी ॲटकिन्सन आणि हाउटरमान्स यांनी ही कल्पना ताऱ्यांना लावली. विजेच्या संपूर्ण सर्किटमध्ये टनेलिंग घडते हे दाखवणाऱ्या जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांना २०२५ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

सूर्याची ऊर्जाही फुकट येत नाही. दर सेकंदाला त्याचे सुमारे ४२ लाख टन वस्तुमान ऊर्जेत बदलते. दोन प्रोटॉन जुळणे अत्यंत दुर्मीळ असल्यानेच हे इंधन बेताने जळते. सुमारे ४६० कोटी वर्षे झाली तरी ते संपलेले नाही.

‘क्वांटम’ लॉकेट घेण्यापूर्वी

हा हिशेब बाजारातही उपयोगी पडतो. ‘क्वांटम’ नाव छापलेली लॉकेट, कडी आणि कार्डे अंगात ऊर्जा भरतात, थकवा घालवतात, असे दावे केले जातात. अशा वेळी एकच प्रश्न विचारावा: ही ऊर्जा येते कुठून? डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने आरोग्याचे किंवा ५जीपासून संरक्षणाचे दावे करणाऱ्या दहा वस्तू वापरू नका, असा इशारा दिला. त्यांतून किरणोत्सर्ग होत होता आणि त्या दीर्घकाळ अंगावर बाळगणे घातक ठरू शकत होते. थोरियम किंवा युरेनियम असलेल्या वस्तूतून अल्फा कण सुटतात ते टनेलिंगनेच. पण त्या ‘क्वांटम’ परिणामातून अंगाला बळ मिळत नाही.

थकवा हटत नसेल, तर लॉकेटचे पैसे वाचवावेत आणि हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर यांपैकी कोणत्या तपासण्या हव्यात हे डॉक्टरांना विचारावे. आणि मे महिन्यात दुपारी बारा ते तीन शक्यतो सावलीतच राहावे.