गाडी खाली झाल्यावर भाव पाडला तर? ठरल्यापेक्षा वेगळा माल निघाल्यास कायदा काय सांगतो

सोयाबीनचा सौदा बऱ्याचदा खळ्यावरच होतो. व्यापारी मूठभर दाणे घेतो, एखादा दाताखाली चावून बघतो, भाव ठरतो आणि माल भरून जातो. संध्याकाळी फोन येतो, "मॉइश्चर 14 लागलं, मातेरंही जास्त आहे, क्विंटलमागं 300 रुपये कमी धरा." तोवर गाडी खाली झालेली असते, माल ढिगात मिसळलेला असतो. शेतकरी चरफडतो आणि मिळेल ते घेतो.

खरं तर असा मनानं भाव पाडायचा हक्क व्यापाऱ्याला नाही. यासाठी 1930 चा मालविक्री कायदा आहे, तो जुना असला तरी आजही लागू आहे.

नमुना दाखवून सौदा झाला असेल, तर सगळा माल नमुन्यासारखाच असला पाहिजे. '12 टक्के मॉइश्चरचा माल' असं ठरलं असेल, तर तसाच द्यावा लागतो. तो तसा नसेल तर घेणाऱ्याला तपासून नाकारता येतो. नाकारलेला माल परत पोहोचवायची जबाबदारीही त्याच्यावर नाही, 'माल घेतला नाही' एवढं कळवलं की झालं. 50 क्विंटल ठरले आणि 45 च आले, तर तो सगळे नाकारू शकतो. ठेवून घेतले तर मात्र 45 चे पैसे ठरल्या भावानंच द्यायचे.

पण हा नाकारायचा हक्क माल स्वीकारेपर्यंतच असतो. 'घेतला' असं कळवलं, स्वतःच्या मालासारखा वापरला किंवा पुढं विकला, किंवा बरेच दिवस काही न बोलता ठेवून घेतला, की माल स्वीकारला असं धरलं जातं. मग परत करता येत नाही. ढिगात मिसळून गाळपाला लावलेलं सोयाबीन 'परत घेऊन जा' म्हणणं कायद्यात बसत नाही.

मात्र माल खरंच ओला असेल, तर स्वीकारल्यावरही नुकसानीपुरते पैसे कमी करून मागता येतात. ते नुकसान व्यापाऱ्याला सिद्ध करावं लागतं, नुसता फोन करून भागत नाही. म्हणून मॉइश्चर गाडी खाली व्हायच्या आधी, आपल्यासमोर मोजायला लावावं. आकडा काटापट्टीवर लिहून घ्यावा. किलोभर नमुना पिशवीत बांधून त्यावर दोघांच्या सह्या घेतल्या तर फारच उत्तम. ओळखीच्या व्यापाऱ्याकडं सह्या मागायला संकोच वाटतो, हे खरं. निदान काट्यावरचा फोटो आणि व्हॉट्सॲपवर ठरलेला भाव तरी ठेवावा. व्यवहार बाजार समितीच्या आवारात झाला असेल तर समितीच्या सचिवांकडे लेखी तक्रार देता येते.

आता उलटी बाजू. बियाणं घेताना शेतकरीच गिऱ्हाईक असतो. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान 70 टक्के असावी लागते. पेरलं आणि उगवलंच नाही, तर दुकानदार पावसावर नाहीतर पेरणीच्या खोलीवर ढकलतो. अशा वेळी मोडून दुबार पेरणी करायची घाई करू नये. आधी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी, म्हणजे तालुका समिती शेतात येऊन पंचनामा करते. एकदा नांगर फिरला की दाखवायला काही उरत नाही.

'बियाणं सगळं पेरलं, तपासायला नमुनाच नाही' म्हणून तक्रार उडवली जाते. राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात 2012 साली सुप्रीम कोर्टानं हा मुद्दा मान्य केला नाही. शेतकरी बियाणं पेरायलाच आणतो, तो प्रयोगशाळेसाठी बाजूला ठेवील अशी अपेक्षा करता येत नाही, असा निकाल झाला. शेतकरी हा ग्राहक आहे, हेही त्यात ठरलं. तरीही पक्कं बिल, लॉट नंबरचा टॅग आणि रिकामी पिशवी जपून ठेवावी. घरात त्या पिशवीचं पोतेरं होतं, तिथंच घोटाळा होतो.

भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फीही नाही. फोनवरून माहिती हवी असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे.