दात बघून सायकल ओळखावी

हैदराबादला येऊन स्थिरावलेल्या कुठल्याही मराठी घरात जुन्या सायकलीचा विषय काढून बघा. "आमच्याकडे रॅले होती," हे वाक्य पाच मिनिटांच्या आत ऐकू येईल. वनस्पती तूप कुठल्याही कंपनीचं असलं तरी आपण त्याला डालडा म्हणायचो, तसंच हे. आजोबांची काळी, उंच, दांड्यांच्या ब्रेकची सायकल म्हणजे रॅले, असं घरात ठरून गेलेलं असतं.

आमच्या पिढीच्या स्वतःच्या सायकलींची नावं आम्हाला पाठ आहेत. रेंजर, एसएलआर, लेडीबर्ड. त्यांच्या नळीवर मोठ्ठं स्टिकरच असायचं. पण त्याआधी जिच्या नळीखालून पाय घालून आपण सायकल शिकलो, जिच्यावरून पडून गुडघे फोडून घेतले, ती घरातली मोठी सायकल नक्की कोणती होती? ती गेली कुठे? हा प्रश्न अनेकांच्या मनात असतो, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळत नाही. गेल्या वर्षभरात मी हा उद्योग केला. त्यातून जे समजलं ते इथे मांडतो. आपल्या वाचकांपैकी कुणाला तरी उपयोग होईल.

लोखंडावरची सही

बैल विकत घेताना त्याचे दात बघतात. जुन्या सायकलीचंही तसंच आहे. रंग उडतो, स्टिकर जातं, सीट चार वेळा बदलतं. पण पायडलजवळचं दात्यांचं मोठं चक्र सहसा टिकतं, आणि दात्यांच्या आतल्या मोकळ्या जागेत कंपनीने आपली खूण कापून ठेवलेली असते.

रॅलेच्या चक्रात बगळ्याची डोकी दिसतात. रज कंपनीची खूण म्हणजे उघडा पंजा. हर्क्युलिसच्या चक्रात नावाची इंग्रजी अक्षरंच असायची, बीएसएच्या चक्रातही तशीच तीन अक्षरं. बीएसएच्या बिल्ल्यावर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका असत. सायकलीवर बंदुका कशाला, असं लहानपणी वाटायचं. उत्तर नावातच आहे, बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. मुळात तो शस्त्रांचा कारखाना.

काही वेळा चक्र चेनकव्हरच्या आत बंद असतं. मग पुढचा चिमटा बघा. हंबर सायकलीच्या चिमट्याला प्रत्येक बाजूला एकाऐवजी दोन बारीक नळ्या असतात. ही खूण इतकी ठळक आहे की रस्त्याच्या पलीकडूनही हंबर ओळखता येते. हँडलखालच्या नळीवरचा पितळी बिल्ला निखळला असेल, तरी त्याच्या रिबिटांची भोकं उरतात.

मागच्या चाकाचा हब स्टर्मी-आर्चरचा असेल, तर त्याच्यावर वर्ष आणि महिना ठोकलेला सापडू शकतो. ५७ आणि ८ असे आकडे असतील, तर हब ऑगस्ट १९५७ चा. मात्र हे वय हबचं. चाक मागाहून बदललेलं असू शकतं. चक्रही बदललेलं असू शकतं. म्हणून एका साक्षीदारावर निकाल देऊ नये. चक्र, चिमटा, बिल्ला, हब, यांतल्या दोन-तीन गोष्टी एकच नाव सांगत असतील, तरच विश्वास ठेवावा.

नाव विलायती, गाव आपलं

सायकलीवर इंग्रजी नाव असलं की ती विलायतेहून आली, असा घरोघरी समज असतो. पण स्वातंत्र्यानंतर घेतलेली सायकल बहुधा इथेच तयार झालेली असते. सुधीरकुमार सेन यांच्या सेन-रॅले कंपनीने पश्चिम बंगालमध्ये आसनसोलजवळ कारखाना काढला. रॅले, हंबर, रज, रॉबिन हूड ही सगळी नावं त्या एकाच कारखान्यातून बाहेर पडत. मद्रासजवळ अंबत्तूरला मुरुगप्पा घराण्याने इंग्लंडच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सबरोबर १९४९ मध्ये टीआय सायकल्स सुरू केली. हर्क्युलिस, फिलिप्स आणि बीएसए तिथल्या. ॲटलास १९५१ मध्ये सोनीपतला आणि हीरो १९५६ मध्ये लुधियानाला सुरू झाली.

आणि आपल्या मुंबईची हिंद सायकल! वरळीचा तिचा कारखाना स्वातंत्र्यापूर्वीचा. पुढे तो अडचणीत आला. १९८० मध्ये संसदेने एकच कायदा करून हिंद सायकल्स आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्या सरकारच्या ताब्यात घेतल्या. तरीही दोन्ही टिकल्या नाहीत. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी थांबला. तो नेमका जागतिक सायकल दिन होता. म्हणजे आज ज्या सायकली आपण शोधतो, त्यांतल्या कित्येकींचं माहेरच उरलेलं नाही. उरल्या आहेत त्या सायकलीच, आणि त्याही भंगारात किलोवर जातात.

फोटोवरून माप

हे सगळं एकत्र कसं वापरायचं, हे सांगण्यासाठी आमच्या घरचं उदाहरण देतो.

बाबा गेल्या वर्षी नांदेडचं घर विकून आमच्याकडे हैदराबादला आले. चाळीस वर्षांचा संसार चार पेट्यांत बसला. कशाबद्दल फारसं बोलले नाहीत. एकदा मात्र चहा पिताना म्हणाले, "आपली सायकल कुणाकडे गेली असेल रे?" ती सायकल आजोबांनी १९६२ मध्ये इथेच, हैदराबादला नोकरीत असताना घेतली होती. बदली झाल्यावर ती रेल्वेने नांदेडला आली. बाबा तिच्यावर शिकले, मग मीही. २००१ मध्ये घर बदलताना ती कोपऱ्यावरच्या सायकल मिस्त्रींना दिली.

हाताशी होता एक कृष्णधवल फोटो. सायकल अगदी बाजूने दिसत होती, पण चक्र चेनकव्हरमध्ये झाकलेलं आणि बिल्ला आत्याच्या पदराआड. फोटो मोठ्या रेझोल्यूशनला स्कॅन केला, उजेड-अंधाराचा फरक वाढवला. तेव्हा पुढच्या चिमट्यात दोन नळ्या आणि त्यांच्यामध्ये प्रकाशाची बारीक रेघ दिसली. हंबर!

मग माप काढलं. आपल्याकडे जुन्या लोकांच्या बोलण्यात "बावीसची" किंवा "चोवीसची" सायकल येते. ते माप चाकाचं नाही, फ्रेमचं. पायडलच्या मध्यापासून सीटखालच्या उभ्या नळीच्या वरच्या टोकापर्यंत मोजतात. चाक मात्र दोन्हींना अठ्ठावीस इंचीच. म्हणजे फोटोत चाक हीच पट्टी झाली. टायरसकट त्याचा व्यास साधारण ७१ सेंटिमीटर. फोटोत चाक ३६ मिलिमीटर भरलं आणि उभी नळी ३१. त्रैराशिक मांडलं की नळी येते ६१ सेंटिमीटर, म्हणजे चोवीस इंच. सायकल तिरकी उभी असेल तर हा हिशेब चुकतो, एवढं लक्षात ठेवावं.

बाबांना हंबर पटेना. "आजोबा रॅलेच म्हणायचे," यावर ते ठाम. गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर होतं. इंग्लंडच्या रॅलेने हंबरचा सायकलींचा धंदा १९३२ मध्येच घेतला होता, आणि इथे दोन्ही नावं सेन-रॅलेचीच. आजोबांसाठी ती रॅलेवाल्यांची सायकल होती.

नंबर जुळतो का?

कंपनी आणि मॉडेल कळलं की "अशी" सायकल सापडते. "आपली" सायकल सापडायला नंबर लागतो. तो फ्रेमवर ठोकलेला असतो, बहुधा सीटखालच्या जोडापाशी किंवा पायडलच्या नळकांड्याच्या खालच्या बाजूला. मळ आणि रंगाचे थर साचलेले असतात. डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसावं, सँडपेपर लावू नये. मग मोबाइलचा टॉर्च अगदी तिरका धरून फोटो काढावा. तिरक्या उजेडात बुजलेले आकडेही सावलीमुळे उठून दिसतात.

पण जुळवायचा कशाशी? घरातल्या कागदांशी. दुकानाचं बिल हा सगळ्यात चांगला पुरावा. पूर्वी अनेक नगरपालिका सायकलवर कर घेत आणि पत्र्याचा किंवा पितळेचा बिल्ला देत. त्याच्या पावत्याही कधी कधी जुन्या ट्रंकेत निघतात. आमच्या चार पेट्यांपैकी एकीत आजोबांच्या नोकरीच्या कागदांमध्ये बिल सापडलं. वाळवीने किंमत खाल्ली होती, नंबर शाबूत ठेवला होता.

नांदेडचे ते मिस्त्री आता नाहीत. दुकान त्यांचा मुलगा चालवतो. त्याला फोन केला तर म्हणाला, "दोन नळ्यांच्या चिमट्याची ना? एक आहे. पाववाल्या चाचांकडे. रोज फिरते." दिवाळीच्या सुट्टीत बाबांना घेऊन गेलो. चाचांनी पावाची पेटी उतरवून सायकल स्टँडवर लावली. दुहेरी चिमटा, चोवीसची फ्रेम, पूर्ण चेनकव्हर. मी मळ पुसला आणि आकडे मोठ्याने वाचले. बाबांच्या हातात बिल. पहिले दोन आकडे जुळले, पुढचे तीन नाही.

चाचा विकायला तयार होते. मलाही क्षणभर वाटलं, घेऊन टाकावी. तसलीच तर आहे! बाबांनी घंटी एकदा वाजवून पाहिली आणि म्हणाले, "आपली नाही. पण चालू आहे ना? मग राहू दे त्यांच्याकडे." नंतर गल्लीतून चालताना आजोबा तिच्यावरून कुठे कुठे जायचे, ते त्यांनी दाखवलं. गोदावरीचा घाट, भाजी बाजार, माझी शाळा. इतकं ते वर्षभरात बोलले नव्हते.

आमचा नंबर मिस्त्रींच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवला आहे. शोध चालू आहे.

तुम्ही कुठे शोधाल?

पहिला फोन जुन्या गावातल्या सायकल मिस्त्रींना. गावात कुठली जुनी सायकल कुणाकडे आहे, हे त्यांना तोंडपाठ असतं. हैदराबादमध्ये एर्रागड्ड्याचा रविवारचा बाजार आणि जुमेरात बाजार, म्हणजेच गुरुवारचा बाजार, या दोन ठिकाणी जुन्या वस्तूंमध्ये सायकलीचे भाग दिसतात. पूर्ण सायकल घेताना विकणाऱ्याचं नाव, पत्ता आणि नंबर असलेली पावती जरूर घ्या. नुसत्या बिल्ल्यावर भाळू नका. बिल्ला वेगळा विकत मिळतो आणि कुठल्याही फ्रेमवर बसतो.

डोळा तयार करायचा असेल तर पुण्याला कर्वेनगरमधलं विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय बघा. तीन मजल्यांवर शंभराहून अधिक जुन्या सायकली त्यांनी जमवल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली, मधोमध घडी होणारी बीएसए तिथे आहे. पुस्तकातल्या चित्रापेक्षा अशी एक सायकल समोर पाहिली की चिमटा, चक्र, ब्रेकच्या दांड्या यांतला फरक लगेच ध्यानात राहतो.

आणि सायकल सापडलीच, तर घाईने रंगवू नका. जुना रंग, त्याखालची सोनेरी रेघ, आजोबांनी करून घेतलेलं कॅरियरचं वेल्डिंग, हेच तिचे ओळखपत्र आहे. दांड्यांच्या ब्रेकच्या काळ्या सायकली आपल्याकडे अजूनही बनतात, त्यामुळे टायर, ट्यूब, कॉटर पिन, ब्रेकचे भाग सहज मिळतात. तेवढे बदला आणि चालवा.

सुट्टीत गावी जाल तेव्हा तीन गोष्टी करा. माळ्यावरची ट्रंक उघडून बिल किंवा कराची पावती शोधा. सायकल दिसत असलेला प्रत्येक फोटो स्कॅन करा, मग तो लग्नाचा का असेना. आणि घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला विचारा, सायकल कुठून घेतली, कुणाला दिली. फोटो आणि कागद आणखी दहा वर्षं थांबतील. ही तिसरी गोष्ट मात्र याच सुट्टीत करा.