दोन हातांचे बळ

मनुष्याचे हृदय आकाराने त्याच्या मुठीएवढेच असते. परंतु त्याचे कार्य अखंड चालते. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर दिवसाकाठी ते एक लाखाहून अधिक वेळा आकुंचन पावते. प्रत्येक ठोक्यासरशी रक्त शरीरभर फिरते आणि रक्ताबरोबर प्राणवायू सर्व अवयवांना पोहोचतो. मनुष्य झोपला, तरी हृदयाला विसावा नाही.

असे हे हृदय कधी कधी अकस्मात बंद पडते. हृदयविकार, विजेचा धक्का, पाण्यात बुडणे अशी त्याची नाना कारणे आहेत. हृदय थांबले की मेंदूला होणारा प्राणवायूचा पुरवठा खुंटतो. इतर अवयव काही काळ तग धरतात. मेंदूला तेवढा धीर नसतो. चार ते सहा मिनिटांतच त्याच्या पेशींना इजा होऊ लागते. रुग्णवाहिका कितीही त्वरेने निघाली, तरी तेवढ्या अवधीत ती येऊन पोहोचेलच असे नाही. मग ही मोलाची मिनिटे कोणाच्या हाती असतात? जो जवळ उभा असेल, त्याच्या हाती! त्याने काय करावे, हे शिकविणाऱ्या क्रियेस ‘सी. पी. आर.’ म्हणतात. बंद पडलेल्या हृदयाचे काम बाहेरून, हातांनी चालू ठेवणे, हे तिचे मर्म होय.

ही युक्ती सापडली, ती कथा मनोरंजक आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम कौवेनहोव्हन नावाचे विद्युत अभियंते संशोधन करीत. विजेच्या तारांवर काम करणारे कामगार धक्का बसून प्राणास मुकत. त्यांना वाचवावे कसे, हा त्यांच्या चिंतनाचा विषय होता. त्या काळी थांबलेले हृदय चालू करावयाचे, तर शस्त्रवैद्य छाती उघडून हृदय हातात धरीत व दाबीत. हा उपाय रस्त्यावर किंवा घरात कोण करणार? १९५८ च्या सुमारास गाय निकरबॉकर हा त्यांचा तरुण सहकारी कुत्र्यांवर प्रयोग करीत होता. विजेचा झटका देण्यासाठी जड पट्ट्या छातीवर दाबताच, झटका देण्यापूर्वीच रक्ताचा दाब किंचित वाढतो, असे त्याच्या ध्यानी आले. दुसऱ्या एखाद्याने ही बारीकशी गोष्ट सोडून दिली असती. त्याने तिचा पाठपुरावा केला. जेम्स ज्यूड हे शस्त्रवैद्य त्यांना मिळाले. छाती न उघडता, नुसती दाबूनही रक्त वाहते ठेवता येते, हे तिघांनी सिद्ध केले आणि १९६० मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यात २० रुग्णांची हकीकत होती. त्यांपैकी १४ जण वाचले होते. तेव्हा कौवेनहोव्हन यांचे वय ७४ वर्षांचे होते! तोंडाने श्वास देण्याच्या पद्धतीचा अभ्यास पीटर साफार व जेम्स एलम या वैद्यांनी याच सुमारास केला होता. या दोन्ही क्रियांच्या मिलाफातून आजची पद्धत तयार झाली.

आता प्रत्यक्ष कृती पाहू. कोणी एकाएकी कोसळला, तर प्रथम ती जागा सुरक्षित आहे ना, हे पाहावे. विजेचा धक्का बसला असल्यास आधी प्रवाह बंद करावा; तोवर त्या माणसास स्पर्श करू नये. मग त्याचे खांदे थोपटून मोठ्याने हाक मारावी. तो उत्तर देत नसेल, तर छाती वरखाली होते का, हे निरखावे. यात दहा सेकंदांहून अधिक वेळ दवडू नये. मधूनच आचके दिल्यासारखा येणारा श्वास हा खरा श्वास नव्हे. श्वास नसेल, तर लोकांना हाका माराव्या आणि १०८ किंवा ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करण्यास एकाला नेमून सांगावे. ‘कोणीतरी करा’ असे म्हटले, की बहुधा कोणीच करीत नाही.

रुग्णास कठीण जमिनीवर उताणे निजवून त्याच्या बाजूस गुडघे टेकून बसावे. एका तळव्याची टाच छातीच्या मध्यभागी ठेवावी व दुसरा हात तिच्यावर ठेवावा. कोपरे ताठ ठेवून, शरीराचा भार देऊन छाती खाली दाबावी. प्रौढ माणसाची छाती किमान ५ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे. ६ सेंटिमीटरांहून अधिक नको. दर दाबानंतर ती पूर्ण वर येऊ द्यावी, कारण तेवढ्या क्षणात हृदयात पुन्हा रक्त भरते. मिनिटाला १०० ते १२० या गतीने, खंड न पाडता दाब द्यावेत. हे काम फार श्रमाचे आहे. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस पालटावा. ज्यांना शिक्षण मिळाले आहे, ते ३० दाबांनंतर दोन श्वास देतात. बुडालेल्या माणसाच्या बाबतीत श्वासाचे महत्त्व विशेष असते. ज्याला श्वास देणे ठाऊक नाही, त्याने निदान छाती दाबणे तरी थांबवू नये. मदत येईपर्यंत किंवा रुग्ण हालचाल करीपर्यंत ते चालू ठेवावे.

नुसती भोवळ आलेल्या, परंतु नीट श्वास घेणाऱ्या माणसावर हा प्रयोग करू नये. धडधाकट मित्रावर गंमत म्हणूनही करू नये. सरावासाठी खास बाहुली असते. नॉर्वेतील खेळणी बनविणारे ऑस्मुंद लेर्दाल यांनी ती १९६० मध्ये तयार केली. खेळण्यांच्या कारखान्यातून निघालेल्या त्या बाहुलीने पुढे असंख्य लोकांना जीव वाचविण्याची विद्या शिकविली.

बारा वर्षांच्या मुलाच्या अंगी प्रौढाची छाती पुरेशी दाबण्याइतके बळ असेलच असे नाही. परंतु संकट ओळखणे, मोठ्यांना बोलावणे, दूरध्वनीवर पत्ता स्पष्ट सांगणे, रुग्णवाहिकेला वाट दाखविणे आणि हात कोठे ठेवावा हे सांगणे, एवढे त्याला निश्चित जमते. डेन्मार्क देशाने २००५ मध्ये हे शिक्षण शाळांतून सक्तीचे केले; प्रौढांनाही शिकविले. २००१ मध्ये तेथे कोसळलेल्या शंभरांपैकी सुमारे २१ जणांना जवळच्या लोकांकडून अशी मदत मिळे. २०१० मध्ये ती सुमारे ४५ जणांना मिळू लागली. याच काळात, उपचारांतील इतर सुधारणांच्या जोडीने, वाचणाऱ्यांचे प्रमाण तिपटीने वाढले.

तरीही प्रत्येक प्रयत्नास यश येतेच असे नाही. कित्येकदा सर्व काही योग्य करूनही माणूस दगावतो; त्याचा दोष मदत करणाऱ्याकडे जात नाही. दाब देताना कधी कधी बरगडी मोडते, पण मोडलेली बरगडी सांधते. थांबलेले हृदय मात्र वाट पाहत नाही. ‘माझ्या हातून चूक झाली तर?’ या भीतीने हात बांधून उभे राहणे, हीच सर्वांत मोठी चूक होय. तहान लागल्यावर विहीर खणणे व्यर्थ असते. ही विद्याही संकट येण्यापूर्वीच शिकून ठेवावयाची असते. तिला भारी यंत्रे लागत नाहीत. लागतात दोन हात, थोडा सराव आणि पुढे होण्याचे धैर्य.