शक्तीच्या औषधालाहि मात्रा असते

‘जीवनसत्त्वें म्हणजे अन्नच, तीं अधिक घेतलीं तर काय बिघडणार?’ हा समज शिरूरास शिक्षक असतांना मीहि बाळगीत होतों. दौंडच्या माझ्या एका स्नेह्यांच्या दुखण्यानें तो पार गेला.

हाडें दुखतात म्हणून डॉक्टरांनीं त्यांस ‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० एककांची पुडी आठवड्यास एक, अशी आठ आठवडे सांगितली होती. गुण येतांच ते ती रोज घेऊं लागले. दोन महिन्यांत भूक मेली, ओकाऱ्या सुरू झाल्या, तहान भागेना. रक्तांत कॅल्शियम फार वाढलेलें आढळलें.

‘ब’ व ‘क’ जीवनसत्त्वें पाण्यांत विरघळतात. अधिक झालेलीं बहुधा मूत्रावाटे जातात. तरी ‘ब६’ची मोठी मात्रा दीर्घकाळ घेतल्यास हातपाय बधिर होतात. ‘अ’ व ‘ड’ मात्र स्निग्धांत विरघळून शरीरांत सांठतात. ‘अ’चा अतिरेक यकृतास व गर्भास बाधतो, ‘ड’चा मूत्रपिंडांस.

स्नेही वेळींच उपचार झाल्यानें बचावले. तेव्हां पुडीवर ‘आठवड्यास एक’ असें ठळक लिहून ठेवावें, आणि डॉक्टरांकडे जातांना घरांतील सर्व गोळ्या बरोबर न्याव्या. एकच जीवनसत्त्व दोन नांवांनीं पोटांत जात असावयाचें!