वरच्या रांगेतून बॅले

मागच्या वेळी एक प्रश्न राहिला होता: 'स्वान लेक' म्हणजे नेमकं काय? कादंबरीची प्रत असते, चित्राचा कॅनव्हास असतो. बॅलेचं काय? संगीत चायकोव्हस्कींचं, ते लिहिलेलं आहे. पण १८७७ साली मॉस्कोत जे नाचलं गेलं ते आज कोणी नाचत नाही. आजच्या बहुतेक प्रयोगांचा पाया १८९५चा, सेंट पीटर्सबर्गचा, पेतिपा आणि इव्हानोव्ह यांचा. चायकोव्हस्की तोवर हयातही नव्हते.

लंडनला शिकताना आम्ही रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये सगळ्यात वर, स्वस्तातल्या जागी बसायचो, कधी उभे राहायचो. तिथून चेहरे दिसत नाहीत. पण इव्हानोव्हने रचलेला तळ्याकाठचा अंक खरा तिथूनच कळतो. पांढऱ्या पोशाखातल्या मुलींच्या रांगा तिरप्या होतात, तुटतात, पुन्हा जुळतात, ठिपक्यांची रांगोळी कोणी डोळ्यांदेखत काढावी तशा. खालच्या महागड्या खुर्च्यांवरून पुढची रांगच काय ती नीट दिसते. (हे गरिबीचं समाधान नव्हे, बरं का!)

आणि त्या एकदम उडी मारून उतरल्या की बुटांचा टक् टक् आवाज वरपर्यंत यायचा. हलकेपणा दिसण्यापुरता, मागे शरीराचं वजन आहे, हे त्या आवाजानं कळायचं. बत्तीस फुएते गिरक्या सुरू झाल्या की आम्ही श्वास रोखायचो, कारण ती पडू शकते!

नेल्सन गुडमन १९६८च्या पुस्तकात विचारतात, नृत्याची ओळख लिपीवरून ठरेल का? गिरक्या बत्तीस, हे लिपीत बसतं. पडण्याची शक्यता कुठे बसवायची? रॉयल बॅले बेनेश लिपी वापरते. पुढच्या वेळी तिचंच एक पान बघू.