कुलाब्याच्या दांडीवरचा दिवा

मुंबई बेटाचे दक्षिण टोक कुलाब्याला संपते असे नकाशात दिसते. खडक मात्र तिथे संपत नाही. जमिनीपुढे तो समुद्रात शिरतो, ओहोटीला काळा, शेवाळलेला उघडा पडतो आणि भरतीला पुरता दिसेनासा होतो. पाण्यात घुसलेल्या अशा खडकाळ पट्ट्याला कोकणात दांडी म्हणतात. या दांडीवर लाल, पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्यांचा गोल दगडी मनोरा उभा आहे. तेच प्राँग्ज दीपगृह. प्राँग म्हणजे काट्याचा दात. जहाजाच्या तळाला या खडकाची ओळख तशीच होते.

अठराव्या शतकापासून कुलाब्याच्या जमिनीवर एक दीपगृह होतेच. पण ते जमिनीचे टोक दाखवी, धोक्याचे नव्हे. दिव्यापुढे खडक किती लांब पसरला आहे, हे रात्री खलाशाला अंदाजानेच धरावे लागे. 1867 मध्ये बंदराच्या मुखाशी, दक्षिणेला, खांदेरीवर दिवा लागला. शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये इंग्रजांच्या नाकावर टिच्चून जिथे तटबंदी उभारली, तेच हे बेट. 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि युरोपातली आगबोट आफ्रिकेला वळसा न घालता मुंबईला येऊ लागली. 1873 मध्ये बंदराचा कारभार पोर्ट ट्रस्टकडे आला. 1875 मध्ये प्राँग्जचा दिवा सुरू झाला. अभियंता होते थॉमस ऑर्मिस्टन, 1880 मध्ये खुल्या झालेल्या प्रिन्सेस डॉकचेही कर्ते. खर्च आला 6,20,255 रुपये.

मनोऱ्याची उंची सुमारे 41 मीटर. पृथ्वी गोल असल्यामुळे दिवा कितीही प्रखर असला तरी क्षितिजाआड गेलेल्या डोळ्याला तो दिसत नाही. 41 मीटरवरून समुद्राचे क्षितिज सुमारे 23 किलोमीटरवर येते. पाहणारा डेकवर, पाण्यापासून 9 मीटर उंच उभा असेल तर त्यात आणखी दहा-अकरा किलोमीटरची भर पडते. म्हणजे मनोऱ्यात चढवलेल्या प्रत्येक थराने जहाजाला सावध व्हायला थोडा जास्त वेळ मिळवून दिला. ज्योतीचा विखुरलेला उजेड गोळा करून क्षितिजाकडे वळवायचे काम काचेच्या कड्यांच्या फ्रेनेल भिंगाचे. भिंग फिरले की दूरवरच्या माणसाला झोत आला-गेला असा दिसतो. दोन झोतांमधले अंतर ठरलेले असते. खलाशी घड्याळ लावून ते मोजतो आणि समोरचा दिवा कोणता हे ओळखतो.

मनोऱ्याचे खरे वेळापत्रक मात्र भरती-ओहोटीच्या हाती आहे. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सांगतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणून ओहोटी भर दुपारी बारा वाजता. पण ते दिवस भांगाचे. पाणी फारसे हटत नाही. खडक सर्वांत लांबवर उघडा पडतो तो अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, आणि तेव्हा ओहोटी येते पहाटे-सकाळी किंवा तिन्हीसांजेला. ओहोटीत कुलाब्याहून मनोऱ्यापर्यंत चालत जाता येते, पण या वाटेवर दिवसाचा चांगला उजेड आणि पुरेशी कोरडी जमीन सहसा एकत्र मिळत नाहीत. पायाखाली शेवाळ आणि धारदार कालवे असतात, आणि परतायला उशीर झाला तर पुढच्या ओहोटीची वाट पाहणेच उरते. पायाचे दगड बसवणाऱ्यांनाही समुद्राने याच हिशेबाने तास मोजून दिले असणार. त्या कामगारांची नावे मनोऱ्याशी जोडली गेली नाहीत, याची खंत वाटते.

आता अडचण उजेडाचीच आहे. मनोऱ्यामागे दक्षिण मुंबईचे दिवे रात्रभर जळतात आणि त्या झगमगाटात एकटा झोत चटकन हेरणे अवघड जाते. 1989 पासून न्हावा-शेवा बंदरही याच खाडीतोंडातून चालते. कंटेनरची अजस्र जहाजे, नौदलाच्या नौका, मांडव्याच्या लाँचा, ससून डॉकचे ट्रॉलर, सगळ्यांचे पाणी एकच. 7 ऑगस्ट 2010 रोजी सकाळी एमएससी चित्रा आणि खलिजिया-3 ही जहाजे याच बंदरात एकमेकांवर आदळली. चित्रा प्राँग्जजवळ कलंडली, कंटेनर समुद्रात पडले, तेल तिवरांपर्यंत पोहोचले आणि जहाजांची ये-जा काही दिवस थांबली. तो अपघात दिवसाउजेडी घडला. दीपगृह खडकाची जागा दाखवते. चालत्या जहाजाला चालत्या जहाजापासून दूर ठेवणे त्याच्या आवाक्यात नाही. ते काम आता रडार, रेडिओ आणि वाहतूक नियंत्रण कक्षाकडे आहे.