विश्लेषण : मुलांची पुढची माउंटन बाइक किती इंची? ‘वाढत्या अंगाची’ सायकल का टाळावी?

शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवावा, बूट एक नंबर मोठे घ्यावेत, हा आपल्या घरांतला जुना हिशेब. तोच सायकलीलाही लावला जातो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाची २० इंची सायकल लहान पडू लागली की २४ इंची वगळून थेट २६ इंची माउंटन बाइक घरी येते. दहावीपर्यंत पुन्हा बघायला नको, असा त्यामागचा विचार. पण सैल शर्टाने कुणाला इजा होत नाही. मोठ्या सायकलवर मात्र मुलाचे पाय जमिनीला आणि बोटे ब्रेकला पुरत नाहीत. मग पुढचे माप निवडायचे कसे?

‘२६ इंची’ म्हणजे नेमके काय?

दुकानात २०, २४, २६, २७.५ किंवा २९ इंच म्हणतात ते चाकाचे माप. टायरसह चाकाचा साधारण व्यास. सायकलीच्या सांगाड्याचे, म्हणजे फ्रेमचे माप वेगळे असते आणि तेही अनेकदा इंचांतच सांगतात. त्यातून गोंधळ होतो. १६ इंची चाकांची सायकल पाच वर्षांच्या मुलाची असते, तर १६ इंची फ्रेमची माउंटन बाइक मोठ्या माणसाची.

चाके २६ इंची असली तरी फ्रेम १३-१४ इंची असू शकते किंवा १८ इंचीही. पहिली १२ वर्षांच्या मुलीला चालेल, दुसरी तिच्या वडिलांना. म्हणून दुकानदाराला दोन्ही मापे विचारावीत. सुरक्षेची आंतरराष्ट्रीय मानकेही चाकाच्या इंचांवर अवलंबून नाहीत. ४३५ ते ६३५ मिलिमीटरपर्यंत सीट उंच करता येणाऱ्या सायकली लहान मुलांच्या आणि ६३५ ते ७५० मिलिमीटरच्या त्याहून मोठ्या मुलांच्या, अशी विभागणी सीटच्या उंचीवरून केलेली आहे.

वय बघावे की उंची?

एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या उंचीत १५ सेंटीमीटरचा फरक सहज असतो. त्यामुळे वय हा फक्त अंदाज. खरे माप पायाच्या आतल्या लांबीचे. मुलाला अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे करा. जाड पुठ्ठ्याचे पुस्तक सीटसारखे दोन्ही पायांत वरपर्यंत घट्ट धरा. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा. साधारण हिशेब असा :

- २० इंची चाके : उंची ११५ ते १३० सेंमी, पायाची लांबी ५० ते ६० सेंमी
- २४ इंची चाके : उंची १३० ते १४५ सेंमी, पायाची लांबी ५८ ते ६८ सेंमी
- २६ इंची चाके, लहान फ्रेम : उंची १४५ सेंमीच्या पुढे, पायाची लांबी ६६ सेंमीच्या पुढे

कंपनीनुसार यात फरक पडतो. मूल दोन मापांच्या सीमेवर असेल तर दोन्ही सायकलींवर बसवून बघावे.

मोठी सायकल घेतली तर बिघडते काय?

पहिला प्रश्न थांबण्याचा. खडबडीत रस्त्यावर अचानक थांबताना मूल सीटवरून पुढे उतरते. अशा वेळी मधला दांडा आणि जांघ यांत किमान पाच सेंटीमीटर अंतर हवे. नसेल तर मार तिथेच बसतो.

दुसरा प्रश्न हातांचा. हँडल लांब असेल तर मूल पुढे ताणून बसते, हात सरळ राहतात आणि वळवताना तोल जातो. मूठ न सोडता बोटे ब्रेकवर पोहोचायला हवीत. अनेक ब्रेकच्या लिव्हरला छोटा स्क्रू असतो. तो फिरवून लिव्हर मुठीजवळ आणता येते.

तिसरा प्रश्न वजनाचा. पुढे शॉकअप असलेली लोखंडी फ्रेमची सायकल १३ किलोची असली तर २५ किलोच्या मुलासाठी ती त्याच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त होते. ७० किलोच्या माणसाला ३६ किलोची सायकल चढावर न्यायला लावण्यासारखेच हे. सोसायटीच्या आवारात आणि डांबरी रस्त्यावरच चालवायची असेल, तर शॉकअपशिवायची हलकी सायकल बरी.

‘आम्ही मोठ्या सायकलच्या दांड्याखालून पाय घालूनच शिकलो,’ हा युक्तिवाद घरोघरी ऐकू येतो. तेव्हा मुलांच्या मापाची सायकल अनेक घरांना मिळत नव्हती. शिवाय त्या शिकण्यात फुटलेले गुडघेही होतेच.

मग दर वर्षी नवी सायकल घ्यायची का?

नाही. वाढीसाठी जागा हवीच, पण ती सीटखालच्या नळीत शोधावी, फ्रेममध्ये नव्हे. पाच ते दहा वर्षांदरम्यान मुले वर्षाला सुमारे पाच-सहा सेंटीमीटर वाढतात. त्यातली निम्मी वाढ पायांची धरली तर सीट वर्षाला साधारण तीन सेंटीमीटर वर न्यावी लागते. आज बरोबर बसणाऱ्या सायकलीची सीट आणखी सहा-सात सेंटीमीटर वर जात असेल, तर ती दोन वर्षे सहज पुरते.

सीटच्या नळीवर कमाल मर्यादेची खूण असते. त्या खुणेच्या वर नळी कधीही काढू नये; ती वाकण्याचा किंवा फ्रेम तडकण्याचा धोका असतो.

वयात येताना हिशेब बदलतो. मुलींची उंची मुलांपेक्षा साधारण दोन वर्षे आधी झपाट्याने वाढू लागते. या काळात पाय आधी लांबतात, धड मागून वाढते. त्यामुळे पाय २६ इंची सायकलीला पुरले, तरी हात हँडलला नीट पुरतात का, हे वेगळे तपासावे.

बदलण्याची वेळ कशी ओळखावी?

सीट खुणेपर्यंत आली, तरी पेडल खाली असताना गुडघा फार वाकतो. वळताना गुडघे हँडलला लागतात. मूल पाठ वाकवून बसते. यातले एक जरी दिसले तरी पुढच्या मापाची वेळ झाली. त्याआधी मात्र सीट वर करून बघावी. अनेकदा तेवढ्याने काम भागते.

दुकानात काय तपासावे?

मुलाला सोबत न्या; वाढदिवसाचे सरप्राइज म्हणून परस्पर सायकल आणू नका. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतात का, हँडल पूर्ण वळवता येते का, दोन्ही ब्रेक एका हाताने एकेक दाबता येतात का, हे बघा. मग दुकानासमोर मोकळ्या जागेत एक फेरी मारू द्या आणि मध्येच ‘थांब’ म्हणा. मूल न डगमगता थांबले तर माप बरोबर.

वापरलेली सायकलही चांगला पर्याय आहे, कारण मुलांच्या सायकली झिजण्याआधी लहान पडतात. ब्रेकचे रबर, साखळी, टायर आणि फ्रेमचे जोड तपासून घ्यावेत. जुनी सायकल धाकट्या भावंडाकडे गेली किंवा शेजाऱ्यांना विकली, तर २४ इंची मधली पायरी वाटते तितकी महाग पडत नाही.